तापमानाचा रकाना

१६ एप्रिल, बुधवार

आज पुन्हा तेच. "मायटोकॉन्ड्रिया म्हणजे काय?" असं विचारलं, तर बावीस तोंडांतून एकच आवाज आला, "पेशीचं पॉवरहाऊस!" बरं, त्या पॉवरहाऊसात चालतं काय? सगळ्यांनी वह्यांत तोंडं घातली. हा शब्द ज्या कुणी पोरांच्या हातात दिला त्याला माझ्यासमोर आणून उभा करा, एवढीच माझी इच्छा आहे. शब्द पाठ झाला की विषय संपला, असं यांना वाटतं.

मग फळ्यावर काढून दाखवलं. त्याला दोन पडदे. आतल्या पडद्यात एंझाइमं रांगेनं बसलेली. अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन या हातातून त्या हातात जात जात शेवटी ऑक्सिजनच्या पदरात पडतात. आपण जन्मभर श्वास घेतो तो त्या शेवटच्या हातासाठी. प्रत्येक हातबदलीत थोडी ऊर्जा सुटते, तिच्या जोरावर प्रोटॉन पडद्याबाहेर ढकलले जातात. बाहेर गर्दी होते. परत आत यायला दार एकच, आणि त्या दारात एक एंझाइम फिरत असतं. प्रोटॉन आत घुसताना ते फिरतं, आणि फिरता फिरता एटीपी घडवतं. त्या एटीपीवर तुमचा हात हलतो, पापणी मिटते आणि विनीत सरांचा क्लास चालतो.

शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, हे नीटला येतं का?"

विनीत माझाच विद्यार्थी. बारावीला यानं बेडकाचं हृदय पोटात काढलं होतं. आता त्याचा क्लास आहे, निवृत्तीनंतर मी तिथे शिकवते, आणि तो मला बाहेर घेऊन सांगतो, "मॅडम, एवढं खोलात नको. चार पर्याय, एक टिक." मी म्हटलं, टिक करायला माकडसुद्धा शिकतं. तो हसला. मी विनोद केलेला नव्हता.

घरी शमिका. माझ्या भावाची, अनिलची मुलगी. तो मुंबईत नोकरीला, ही पोलीस भरतीच्या तयारीला माझ्याकडे रत्नागिरीत, कारण मैदान जवळ आणि आत्या फुकटात मिळते. जेवताना ती तिसरी पोळी घेत होती. मी म्हटलं, "एकाहत्तर किलोची हवालदारीण मागे लागली, तर चोर टपरीवर चहा पिऊन मग पळेल." दोघी हसलो. पोळी तिनं ताटात तशीच ठेवली. अन्न टाकायची ही नवी थेरं.

२० एप्रिल, रविवार

पावस गावाहून आंब्याची पेटी आली. शमिकानं दोन आंबे कापले तेवढ्यात शेजारची येसूबाई आली. ही नाक्यावर मासळी विकते. थर्माकोलचा खोका डोक्यावरून उतरवून पायरीवर टेकली आणि न विचारता सल्ला दिला, "बाय, आंबे बेतानं खा गो. उष्ण पडतील."

झालं! सदतीस वर्षं मी हे ऐकतेय. फोड आली, आंबा बाधला. नाकातून रक्त आलं, आंबा बाधला. नवरा-बायको भांडली तरी इथली माणसं आंब्यालाच जबाबदार धरतील. मी म्हटलं, "येसूबाई, आंब्यात साखर असते. साखर शरीरात जळते, तशी भातातलीही जळते. उष्ण आंबा आणि थंड आंबा असं काही नसतं."

"तुमी शिकलेल्या, बाई," ती म्हणाली. तिच्या तोंडी या वाक्याचा अर्थ 'तुम्हाला काही कळत नाही' असाच असतो. "पण पोरीचा हात कढत हाय. बघा की लावून."

हातानं ताप मोजायचे दिवस गेले, असं मी तिला सुनावलं. ऊन चौतीस डिग्री, पोरगी मैदानावरून आलेली, तिचा हात काय बर्फासारखा लागणार?

मग म्हटलं, एकदाच या खुळाचा निकाल लावू. शमिका रोज दोन आंबे खाईल आणि दर रविवारी मी नोंद करीन. वहीच्या मागच्या पानावर तक्ता आखला: तारीख, आंबे, वजन, आठशे मीटरला लागलेला वेळ. येसूबाई वाकून बघत म्हणाली, "अंग किती तापतंय तेपण लिवा." उष्णता म्हणून काही नाहीच, तर तिचा रकाना कशाला? तिचा मान राखायला मी तक्ता वेडावाकडा करणार नाही.

आजची नोंद: वजन ७१.०. वेळ ३ मिनिटं ३४ सेकंद. तीनच्या आत आली तर भरतीची आशा.

२४ एप्रिल, गुरुवार

क्लासात चाचणी घेतली. तेरा प्रश्न विनीतच्या टिकांचे, चौदावा माझा. "आतल्या पडद्याला गळती लागली, प्रोटॉनना एंझाइमच्या दाराऐवजी चोरवाटेनं आत येता आलं, तर त्या माणसाचं काय होईल? चार ओळींत लिहा. गुण चार."

बावीसपैकी अकरा जणांनी जागा कोरी सोडली. सहा जणांनी "पेशी मरेल" लिहिलं. एकानं "पर्याय दिलेले नाहीत" असं लिहून मलाच नापास केलं. एकीनं पॉवरहाऊसमध्ये शॉर्टसर्किट होईल असं लिहिलंय, आगीच्या बंबाचं चित्रही काढलंय.

आरोही म्हणून पावसची एक मुलगी आहे, बागायतदाराची. तिनं लिहिलं: "तो माणूस खाईल खाईल आणि बारीक होईल. अंग तापेल, धाप लागेल, पण अंगात जोर राहणार नाही. आमच्या बागेत पाइप फुटला की पंप जोरात फिरतो, डिझेल पितो, तापतो, पण वरच्या कलमांना पाणी जात नाही. तसं."

पंप! एटीपी सिंथेजचं नाव नाही, प्रोटॉन-ग्रेडियंट नाही. चारपैकी अर्धा गुण दिला आणि शेरा मारला, "बागेतल्या गप्पा नकोत. शास्त्रीय भाषेत लिहा." अर्धासुद्धा अक्षर चांगलं म्हणून.

मग वर्गाला सांगितलं की अशी गळती पाडणारं रसायन खरोखर आहे. डायनायट्रोफेनॉल. शंभर वर्षांपूर्वी बाहेरच्या देशांत बारीक होण्यासाठी लोक ते खायचे. बारीक झाले, काही मेलेही. आतल्या आत भाजून निघाले. एवढं सोपं उत्तर यांना येत नाही. बुद्धी गहाण टाकून येतात सगळे.

२७ एप्रिल, रविवार

वजन ६८.६. वेळ ३:४१. आंबे चौदा. वजन उतरलं! येसूबाईला मुद्दाम हाक मारून तक्ता दाखवला. तिनं तक्त्याकडे न बघता शमिकाकडे बघितलं. "घामानं निथळतेय ती," म्हणाली. मी म्हटलं, कोकणात एप्रिलमध्ये घाम येतो, याला शोध म्हणत नाहीत.

शमिका आता मन लावून करतेय म्हणायची. जिमही लावलीय. हर्षद म्हणून कुणी 'सर' आहेत तिथे. हल्ली ज्याचे दंड जाड तो सर. त्यानं प्रोटीनचा डबा गळ्यात मारलाय, मी लेबल वाचून बघितलं, दुधाची पावडर. म्हटलं, उसळ खा, बये.

संध्याकाळी तिनं विचारलं, "आत्या, बी-कॉम्प्लेक्सनं लघवी पिवळी होते ना गं?" होते. जीवनसत्त्व ब-दोन जास्त झालं की शरीर बाहेर टाकतं. हेच ब-दोन श्वसनसाखळीच्या पहिल्या एंझाइमात बसलेलं असतं, हेही मी तिला सांगितलं. घरात कुणीतरी शास्त्रातलं विचारलं म्हणून मला इतकं बरं वाटलं की अर्धा तास बोलत होते. ती मान डोलवत होती, मध्ये मध्ये पदरानं वारा घ्यावा तसा ओढणीनं वारा घेत होती.

३० एप्रिल, बुधवार

दिवसातून तीनदा आंघोळ. टाकी रिकामी. फरशीवर आडवी पडते, पंखा पाचावर. विचारलं तर म्हणे उकडतंय. मलाही उकडतंय, मी काय फरशीवर लोळते?

टॉवेल पिवळा करून ठेवलाय. आंबा खाऊन हात टॉवेलला पुसायचे, हे हिला कोणी शिकवलं? दोन्ही टॉवेल सोड्यात भिजत घातलेत, डाग जात नाही. हापूसचा डाग इतका चिवट असतो हे मला नव्यानं कळलं.

४ मे, रविवार

वजन ६५.३. वेळ ४:०२.

वजन पावणेसहा किलो उतरलं आणि वेळ अठ्ठावीस सेकंदांनी वाढला. मी तिला समोर बसवलं. "याचा अर्थ एकच. तुला मनातून भरती व्हायचंच नाहीये."

"आत्या, पायच उचलत नाहीत."

"पाय उचलायला एटीपी लागतं आणि एटीपीला अन्न. सकाळी पाच पोळ्या खाल्ल्यास, मी मोजल्या. इंधन भरपूर आहे तुझ्याकडे, कमी आहे ती जिद्द."

ती धाप लागल्यासारखी बसली होती. रडायच्या आधी अशी बसायची तिची लहानपणापासूनची सवय आहे. मग उठून अनिलला फोन लावला, माझं नाव सांगायला असेल. ऐकू आलं ते एवढंच: "हो पप्पा, आत्या नीट बघते माझ्याकडे."

आंब्याचा निकाल मात्र लागला. रोज दोन हापूस खाऊन वजन उतरतं, उष्णताबिष्णता काही नाही. यावर स्थानिक वर्तमानपत्रात लेख पाठवावा म्हणतेय.

७ मे, बुधवार

बाजारात हर्षद 'सर' भेटले. हात जोडून म्हणाले, "बघितलंत ना मॅडम, शमिकाचा रिझल्ट?" मी म्हटलं, रिझल्ट मैदानावर लागतो, काट्यावर नाही. "होईल मॅडम, मेटाबॉलिझम फास्ट केलाय तिचा." मेटाबॉलिझम! या माणसाला तो शब्द लिहून दाखवायला सांगितला असता तर भर बाजारात घाम फुटला असता. असल्या माणसांशी बोलून मी तोंड विटाळत नाही. भाजी घेऊन आले.

११ मे, रविवार

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. सगळं लिहिलं, मग हेही लिहायला हवं.

काल दुपारी दोनच्या सुमाराला शमिका न्हाणीघरातून बाहेर आली आणि दारातच बसली. उन्हातल्या कुत्र्यासारखी धापा टाकत होती. कपडे चिंब, ते पाण्यानं नाही. "आत्या, आतून जळतंय," म्हणाली. मी काय केलं? "आंबे खाऊन उन्हात धावलीस तर दुसरं काय होणार," असं म्हटलं. मी! मीच म्हटलं! आणि साखरपाणी करायला आत गेले.

येसूबाई धंद्यावरून परत येत होती. तिनं फाटकातूनच बघितलं, खोका टाकला, धावत येऊन पोरीच्या कपाळाला हात लावला आणि किंचाळली, "आग हाय ही, बाई! नुसती आग!" खोक्यात उरलेला बर्फ तिनं सगळा तिच्या मानेवर, काखेत, पोटावर ओतला. बांगड्याचे दोन तुकडेही पडले त्यातून. मी साखरेचा चमचा हातात धरून उभी.

बर्फ पुसायला टॉवेल ओढला. पिवळा. आता हात आंब्याचे नव्हते, शमिकानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. टॉवेलवरचा डाग बघितला, जिथे मान लागते तिथे. मग तिचे तळवे बघितले. तेही पिवळे. घामच पिवळा होता.

खाईल खाईल आणि बारीक होईल. अंग तापेल, धाप लागेल, पण अंगात जोर राहणार नाही.

तिची धावायची पिशवी पालथी केली. मोज्यांत एक बाटली, लेबल नाही. कॅप्सूल उघडून बघितली, आत पिवळीधमक पूड. रिक्षात येसूबाई बर्फ धरून, मी बाटली धरून. दवाखान्याच्या दारातच मी ओरडले, "डायनायट्रोफेनॉल असणार, मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्याला गळती लागलीय!" वॉर्डबॉयला वाटलं असेल, म्हातारी खुळावली.

डॉक्टर योगिनी तिशीच्या आहेत. त्यांना एका वाक्यात कळलं. यावर उतारा नाही, म्हणाल्या. अंग थंड ठेवायचं, सलाइन द्यायचं, आणि ते शरीरातून जाईपर्यंत वाट बघायची. एकशे पाच ताप होता. आणखी दोन डिग्री चढला असता तर, असं म्हणून त्या थांबल्या. "बर्फ कुणाला सुचला?" मी येसूबाईकडे बोट दाखवलं.

मग त्यांनी विचारलं, "ताप कधीपासून होता?"

मी पर्समध्ये वही चाचपत राहिले. मागून येसूबाई म्हणाली, "तीन आठवडे झाले."

मी पर्समधून ही वही काढून मागचं पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी वाचलं. वजन उतरतंय, वेळ वाढतोय. माझ्याच अक्षरात, पट्टीनं आखलेल्या रेघांत. वर बघून त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुम्ही काय शिकवता म्हणालात?"

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. विहारात गेले नाही. ताप एकशे एक. अनिल मुंबईहून आला. मी त्याला सगळं सांगितलं, पोळीपासून. तो उठून शमिकाच्या कपाळावरची पट्टी बदलायला गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

१६ मे, शुक्रवार

घरी आणली. शमिका आता बोलते. मी विचारलं, त्या कॅप्सूल का घेतल्यास? तिनं भिंतीकडे बघत सांगितलं, "तू चोराचं बोललीस ना चहाचं, त्याच्या दुसऱ्या दिवशी हर्षद सरांकडे गेले." मग म्हणाली, "पोटातलं आतल्या आत जळून जाईल, म्हणाले. मला वाटलं, जळलं म्हणजे धावायला बळ येईल." आणि मग, "पिवळं व्हायला लागलं तेव्हा भीती वाटली होती. तुला विचारलं मी. तू म्हणालीस, होतं."

हो, म्हणाले. अर्धा तास म्हणत होते. काय ती विद्वत्ता! डबल एम.एस्सी., सदतीस वर्षांचा अनुभव, निरोप समारंभात शाल-श्रीफळ. पोर घरात जळत होती आणि मी तिला ब-दोनचा धडा देत होते. पॉवरहाऊस म्हणणारी पोरं परवडली, त्यांनी निदान कुणाचा जीव तरी धोक्यात घातला नाही.

दुपारी पोलिसांत तक्रार दिली. शमिकाच उठली, म्हणाली मी येणार. हर्षद म्हणतो, "हर्बल आहे." त्याच्याकडून आणखी दोन मुलींनी त्या कॅप्सूल घेतल्या होत्या, दोघींनाही लगेच दवाखान्यात दाखवलं. दोघी बऱ्या आहेत. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारीणबाई चांगल्या ऐंशी किलोच्या असतील. शमिका सारखी त्यांच्याकडे बघत होती. निघताना त्या म्हणाल्या, "पुढच्या भरतीला ये गं. खाऊनपिऊन ये."

२० मे, मंगळवार

क्लासला गेले. विनीत म्हणाला, सुट्टी घ्या मॅडम. मी म्हटलं, आज टिक नाही. फळ्यावर तो तक्ता जसाच्या तसा उतरवला. खाली निरीक्षणं लिहिली: खाणं वाढलं, घाम, टॉवेलवर पिवळा डाग, पाय उचलत नाहीत. मग सांगितलं, ही मुलगी एका जीवशास्त्राच्या बाईच्या घरात राहत होती आणि मरता मरता वाचली. त्या बाई म्हणजे मी. प्रश्न चौदा, पुन्हा. माझं कुठे चुकलं?

विनीत दारात उभा. कुणीतरी हळूच म्हणालं, आंबे जास्त झाले. मला हसूसुद्धा आलं नाही.

आरोही उभी राहिली. फळ्यावरचे रकाने तिनं बोटानं मोजले. "मॅडम," ती म्हणाली, "यात तापमानाचा रकानाच नाहीये."

"का नसेल?"

ती घाबरली. मग म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं, ते असणारच नाही म्हणून."

मी तिची जुनी उत्तरपत्रिका पिशवीतून काढली, अर्ध्यावर काट मारली आणि चार लिहिले. शेराही खोडला. ती म्हणाली, "पण मॅडम, मी एटीपी सिंथेज लिहिलं नव्हतं." मी म्हटलं, "मला ते तोंडपाठ आहे. मी काय दिवे लावले?"

चारच्या सुमाराला घरी आले. पायरीवर येसूबाई सुरमई कापत बसलेली, म्हणाली, पोरगी जेवून झोपलीय, दोन आंबे खाल्लेत. मी तिच्याशी वाद घातला नाही. तिनंही जिंकल्यासारखं तोंड केलं नाही. ते मला फार लागलं.

आत शमिका पंख्याखाली झोपलेली. शेजारी बसले आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. माझ्या हाताला सवय नाही, काही कळेना, म्हणून बराच वेळ ठेवावा लागला. तिनं डोळे न उघडता विचारलं, "किती?"

"गार आहे," मी म्हटलं.